पुठ्ठ्याची मुदत

२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

खुब्याचं हाड मोडून तू पलंगावर पडलास हे तुझ्या बायकोच्या पत्रातून कळलं. एकतीस वर्षं श्वानपथकात कुत्र्यांबरोबर भिंतींवरून उड्या मारल्यास तेव्हा ओरखडा उठला नाही, आणि न्हाणीघरात साबणावरून घसरलास. आता दोन महिने बायकोचं ऐक, ती सवय तुला नाही.

मी एक कुत्रा आणला आहे. आधी हसून घे, मग पुढचं वाच. गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात मी त्यांच्या रजिस्टरांची बांधणी करायला गेले होते. तिथे हा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. दोन वर्षं एका बंद पडलेल्या भंगारखान्यात त्याला बांधून ठेवलं होतं आणि कोणीतरी येऊन मारत असे, एवढंच त्यांना माहीत आहे. मानेभोवती केस नाहीत. रंग आपल्या साध्या पुठ्ठ्याचा, म्हणून नाव पुठ्ठ्या. दिवसभर माझ्या शिवणीच्या टेबलाखाली पडून असतो. मी पुस्तकांचे फर्मे शिवते, तो बघतो. आमचं बरं चाललं होतं.

पण मध्येच, काही कारण नसताना, त्याच्या अंगात येतं. उठतो, भिंतीला चिकटतो, थरथर कापतो, तिथेच लघवी करतो, दात दाखवतो. आणि परवा तो वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईला चावला. ती तिच्या वहीची सुटलेली पानं घेऊन आली होती. उंबऱ्यात घुटमळत होती म्हणून मीच तिला हाताला धरून आत घेतलं, तर याने तिचं मनगटच धरलं. चार टाके पडले.

आमच्या इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पंधरा मार्चची मुदत दिली आहे. त्या दिवशी अंगणात, पालिकेच्या जनावरांच्या डॉक्टरांसमोर, माणसं येत-जात असताना पुठ्ठ्याने पंधरा मिनिटं शांत उभं राहायचं. नाहीतर परत निवाऱ्यात. आणि निवाऱ्याच्या कागदावर मी सही करताना वाचलं होतं की चावून परत आलेला कुत्रा ते दुसऱ्या कोणाला देत नाहीत. त्याला इंजेक्शन देतात.

काय करू ते सविस्तर लिही. फोन करू नकोस, फोनवर तू तोंडातल्या तोंडात बोलतोस. आणि माझ्या चिरंजीवांना यातलं अक्षरही कळवू नकोस. त्याला निमित्तच हवं आहे. गेल्या खेपेला म्हणत होता की आई, आता दुकान आवर आणि आमच्याकडे राहायला ये. तिथे माझ्या वाट्याला खिडकीजवळची खाट येईल आणि माझं कागद कापायचं यंत्र भंगारात जाईल.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी हसलो नाही. मी बायकोला म्हटलं की बघ, आयुष्यभर माझ्या अंगाला कुत्र्याचा वास येतो म्हणून नाक मुरडणारी माझी बहीण. यावर ती म्हणाली की वास अजून येतो.

आता कामाचं. मी पथकात जे शिकवलं ते धीट कुत्र्यांना. बस म्हटलं की बसणं, शोध म्हटलं की शोधणं. हा कुत्रा अडाणी नाही, घाबरलेला आहे, आणि घाबरलेल्याला हुकूम देणं म्हणजे बुडणाऱ्याला पाढे म्हणायला लावणं. तेव्हा हुकूम बंद. टेबलाखालची जागा त्याची. तिथे हात घालायचा नाही, कोणी वाकून बघायचं नाही. तू येता-जाता उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिथे टाकायचा आणि पुढे जायचं. एक गोष्ट ध्यानात ठेव. घाबरलेला कुत्रा खात नाही. खायला लागला की समज, भीती त्याच्या आवाक्यात आली.

दुसरं, एक वही घाल. तुझ्याकडे वह्यांना तोटा नाही. त्याच्या अंगात आलं की वेळ लिही आणि त्याच्या लगेच आधी काय घडलं ते लिही. कोण आलं, काय पडलं, काय वाजलं. पाच आठवडे म्हणजे रात्र थोडी सोंगं फार. कारण सापडल्याशिवाय आपण काही करू शकत नाही.

भाच्याला कळवत नाही. पण त्याच्याशी लपाछपी खेळण्याचं हे तुझं वय नव्हे.

पाय पलंगाला बांधलेला आहे, जीव तुझ्याकडे आहे.

तुझा,
ढब्बू


१३ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

अंडं लागू पडलं. तिसऱ्या दिवशी हातातून घेतलं. काल मी जाड रजिस्टर शिवत होते, तेव्हा तो पुढे सरकत आला आणि माझ्या पावलावर हनुवटी ठेवून झोपला. मी तासभर पाय हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या, तरी शिवण कुठे वाकडी गेली नाही.

वही घातली. तुझ्या माहितीसाठी उतरवून देते. सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटं: आधी काहीही नाही. मी खळ ढवळत होते, दार बंद होतं. सोमवारी दुपारी एक: काहीही नाही. मंगळवारी पुन्हा दहा-दहा आणि संध्याकाळी पाच: काहीही नाही. बुधवारी एक आणि पाच: काहीही नाही. घरात मी आणि तो, दुसरं चिटपाखरू नाही. घड्याळ बघून त्याच्या अंगात येतं की काय कोण जाणे.

गुरुवारचा प्रकार मात्र वाईट होता. पाच वाजता उठला तो थेट मागच्या दाराच्या जाळीवर गेला. जाळी दातांनी फाडली, हिरड्यांतून रक्त आलं. मी शांतपणे बोलत राहिले, पण त्याला मी दिसतच नव्हते. हेडमास्तर खिडकीतून बघत होते. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं त्यांनी मला ऐकवलं. म्हणजे तसं चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवलं. अक्षर सुंदर आहे.

मला भीती वाटते रे. याला परत नेऊन सोडताना तो माझ्याकडे कसा बघेल याचा विचार मी शिवता शिवता करते, आणि दाभण बोटात घुसतं.

आशीर्वाद आहेत, उत्तर लवकर धाड.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वही तीनदा वाचली. काहीही नाही असं कधीच नसतं. कुत्रे तत्त्वज्ञ नव्हेत, त्यांना उगाच उदास व्हायला वेळ नसतो. रोज त्याच त्या वेळा म्हणजे रोज त्याच वेळी काहीतरी होतं आहे. दिसत नसेल तर वाजतं आहे, वाजत नसेल तर वास येतो आहे. दहा-दहा, एक आणि पाच. त्या वेळी खिडकी उघडी ठेवून बस आणि नीट कानोसा घे.

सोबत एक वस्तू पाठवतो. पत्र्याची छोटी डबी आहे, अंगठ्याने दाबली की टिक् होतं. आम्ही तिला टिकटिकी म्हणायचो. पुठ्ठ्या शांत असला की एकदा टिक् कर आणि लगेच तुकडा दे. दिवसातून वीसदा. चार दिवसांत त्याला कळेल की टिक् म्हणजे शाबास. मग दुरूनही शाबासकी देता येते. लक्षात ठेव, एकच टिक्, एकच तुकडा. आणि कधीही त्याच्या कानाशी नाही, पदराआड धरून दाब.

महिना उरला आहे. मला इथे पडल्या पडल्या छताचे पोपडे मोजण्याखेरीज काम नाही, म्हणून रोज लिहिलंस तरी चालेल.

कळावे, आणि कळवावे.

तुझा,
ढब्बू


२२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी टिकटिकी मोडकी निघाली. टपालात दबली असेल. दाबते, पण आवाजच येत नाही. तरी म्हटलं, पत्रा बसला असेल तर सुटेल, म्हणून पाच-सहा वेळा भराभर दाबून पाहिली, कानाशी धरूनही पाहिली. शेवटी पुठ्ठ्याच्या समोर धरून जोरजोरात दाबली, तर तो मागे सरकत सरकत कपाटाखाली गेला आणि दोन तास बाहेर आला नाही. अंडंही खाल्लं नाही. मोडक्या वस्तूला काय घाबरायचं ते त्यालाच ठाऊक.

खिडकी उघडी ठेवून तिन्ही वेळेला बसले. काहीही नाही. दहा-दहाला त्याचे कान मागे गेले, ओठ चाटले, आणि मग सुरू. मी बाहेर डोकावले तर खिडकीतून दिसतं तेवढं अंगण रिकामं.

तुझ्या सल्ल्यांचं भीक नको पण कुत्रा आवर असं व्हायला लागलं आहे. मिळालेलं सगळं परत गेलं. आता हातातून खात नाही. एकवीस दिवस उरले आहेत. दुसरी टिकटिकी पाठव, किंवा दुसरी अक्कल पाठव.

रागावू नकोस, माझं डोकं ठिकाणावर नाही.

तुझी,
ताई


२५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता तिसऱ्यांदा लिहितो आणि न वाचता पाकिटात घालतो.

टिकटिकी मोडकी नव्हती. खोक्यात घालण्याआधी मी ती दाबून पाहिली, तेव्हा पलीकडच्या खोलीत झोपलेला आमचा बोका उठून बसला. ती मोडकी असती तर पुठ्ठ्या कपाटाखाली गेला नसता. तू त्या भेदरलेल्या जिवाच्या तोंडासमोर पत्र्याचा कडकडाट केलास, कारण तुला तो ऐकू आला नाही. ताई, तुला ऐकू येत नाही.

मी तोंडातल्या तोंडात बोलतो म्हणतेस. एकतीस वर्षं मी मैदानाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावरच्या कुत्र्याला बोलावलं आहे. मागच्या वर्षी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा चहाची किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली आणि तू तिच्याकडे पाठ करून मला छापखान्याच्या गोष्टी सांगत होतीस. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पंचवीस वर्षं छापखान्यात कागदाला घडी घालणाऱ्या यंत्राशेजारी उभी राहिलीस, त्याने बारीक आवाज आधी नेले असणार. माझं चुकलं की मी गप्प बसलो, आणि वर तुला कानोसा घे म्हणून लिहिलं.

तेव्हा वहीतलं काहीही नाही खोडून टाक. काहीतरी आहे, बारीक आणि कर्कश, बहुधा धातूचं. ते ऐकायला दुसऱ्या कोणाचे तरी कान बसव. नर्सबाईला विचार. जिला तो चावला तिच्याकडेच मदत मागणं अवघड आहे, पण पंधरा तारीख आपल्यासाठी थांबणार नाही.

शिव्या द्यायच्या तर दे, पण उत्तर दे.

तुझा,
ढब्बू


२८ फेब्रुवारी

श्री. निवृत्त हवालदार, श्वानपथक, यांस,
कृ. सा. न. वि. वि.

आपलं २५ तारखेचं पत्र पावलं. माझ्या तब्येतीबद्दल आपण जो शोध लावला त्याबद्दल आभारी आहे. शोध घेणं हा आपला धंदाच होता. माझी पुस्तकं आजवर कोणी परत आणली नाहीत, माझं काम उत्तम चाललं आहे, आणि माझ्या घरात काय वाजतं ते मला कळतं.

कुत्र्याचं मी बघून घेईन. टिकटिकी वेगळ्या टपालाने परत करत आहे.

आपली,
पुस्तकबांधणीवाली


४ मार्च

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

टिकटिकी मिळाली. सोबत एक ओळही नव्हती. मोजून अकरा दिवस उरले आहेत, म्हणून मानापमान बाजूला ठेवून लिहितो.

मी तुझ्या चिरंजीवाला पत्र टाकलं आहे. थांब, फाडू नकोस. त्याला एवढंच लिहिलं की पंधरा तारखेला सकाळी आईकडे हजर राहा, तिला कोणीतरी आपलं माणूस सोबत लागेल. कुत्र्याबद्दल लिहिलं. कानांबद्दल अक्षर लिहिलं नाही. ते सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. मला चालता आलं असतं तर मीच आलो असतो.

तू झाकली मूठ जपते आहेस खरी, पण ताई, त्या मुठीत सध्या पुठ्ठ्याचा जीव आहे. एवढंच सांगायचं होतं.

तुझा अपराधी,
ढब्बू


८ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तू मला न विचारता त्याला लिहिलंस याचा राग आहे. तो नंतर काढीन, आता वेळ नाही.

एक तारखेलाच मी वर गेले होते. नर्सबाईने दार उघडलं, मनगटावर अजून पट्टी होती. मी म्हटलं की मला कमी ऐकू येतं, पुठ्ठ्याला काय ऐकू येतं ते मला ऐकून सांग. ती म्हणाली की दोन वर्षांपासून तिला माहीत आहे, आणि ते तिला माहीत आहे हे मला माहीत असेल असं ती समजत होती. मी एवढे दिवस ताकाला जाऊन भांडं लपवत होते आणि भांडं सगळ्यांना दिसत होतं.

तिने तिच्या सुटीच्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून वही भरली. दहा-दहा: हेडमास्तर गेटची साखळी काढतात. लोखंडी साखळी दांड्यावरून खडखडत सुटते, वर त्यांच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजतो. एक वाजता लावतात. पाच वाजता पुन्हा काढतात. भंगारखान्यात त्याच्या मानेला साखळीच होती. ती वाजली की मारणारा आला.

पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले. ती चावण्याच्या दिवसाबद्दल सांगत होती. ड्यूटीवरून आली तेव्हा किल्ल्या तिच्या हातात होत्या. पुठ्ठ्या आतून गुरगुरत होता, चांगला मिनिटभर. म्हणून ती उंबऱ्यात थांबली होती. ती मला सांगत होती की तो गुरगुरतो आहे, मी आत येत नाही. आणि मी मान डोलावली, हसले आणि तिला हाताला धरून आत ओढलं. त्याने सांगायचं तेवढं सांगितलं होतं. ऐकलं नाही ते मी. जिथे तिथे मी सांगत फिरले की काही कारण नसताना चावला.

आता काम जोरात चाललं आहे. पहिल्या दिवशी किल्ल्या मोज्यात गुंडाळून, डब्यात घालून, वरच्या मजल्यावर. ती हलवते. मला ऐकू येत नाही म्हणून तिची भाची जिन्यात उभी राहून बोट वर करते, आणि बोट दिसलं की मी अंडं देते. आवाज आधी, अंडं मागून, टिकटिकीबद्दल तू सांगितलं होतंस तसंच. तिसऱ्या दिवशी डब्याशिवाय. पाचव्या दिवशी मोज्याशिवाय, जिन्याच्या मधल्या पायरीवर. तिथे त्याने खाणं सोडलं, म्हणून परत दोन पायऱ्या वर गेलो. काल उंबऱ्याच्या बाहेर किल्ल्या वाजल्या, तो थरथरला, आणि कापत कापतच त्याने माझ्या हातातला तुकडा घेतला. नर्सबाई रडली, मी नाही.

एक मला नवीन कळलं. त्याची गुरगुर मला ऐकू येत नाही, पण तो माझ्या नडगीला टेकून बसला की ती नडगीतून कळते. छापखान्यात यंत्र बिघडणार हे मी त्यावर तळहात ठेवून ओळखायचे, तसंच हे.

पण खऱ्या साखळीपर्यंत आम्ही पोचलेलो नाही. नर्सबाईने हेडमास्तरांना विनंती केली की त्या दिवशी साखळी आणि किल्ल्या दूर ठेवा. ते म्हणाले की रोज वाजणारी वस्तू परीक्षेत वाजणारच, परीक्षा म्हणजे परीक्षा. त्यांचं चूक म्हणता येत नाही, म्हणून जास्त चीड येते.

सात दिवस. तुझा हात डोक्यावर असता तर बरं झालं असतं, मोठी असले तरी.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो, हे तुला चौदाला मिळावं म्हणून बायको स्वतः टपालात टाकायला उभी आहे.

पट्टा ढिला धर. ताणलेला पट्टा तुझी भीती त्याच्यापर्यंत पोचवतो. गेटकडे त्याचं तोंड करू नकोस आणि पाठही करू नकोस, बाजूने उभं कर, म्हणजे त्याला दिसेल आणि टक लावून बघावंही लागणार नाही. त्या सकाळी पोटभर खायला घालू नकोस. उभं राहण्याआधी त्याला लांब फिरवून आण.

आणि काहीही झालं तरी गुरगुरल्याबद्दल त्याला दटावू नकोस. लोक बघत असले तरी नाही. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. आमच्या पथकात मी एक असा कुत्रा घडवला होता, माझ्या कडक शिस्तीने. त्याचं पुढे काय झालं ते मी तुला कधी सांगितलेलं नाही, आणि आजही सांगणार नाही.

पंधरा दिवसांत खोल गेलेली भीती निघत नाही, ताई. तू तो बरा झाला आहे असं दाखवायला जाऊ नकोस. जेवढं झालं तेवढंच दाखव.

इकडे आम्ही दोघं आणि बोका तुझ्या बाजूने उभे आहोत, मी तेवढा आडवा.

तुझा,
ढब्बू


१६ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

काल सकाळी नऊ वाजता चिरंजीव बॅग घेऊन दारात उभा राहिला. मी बस म्हटलं, खा म्हटलं, आणि त्याने काय विचारलं ते न कळताच हो म्हटलं. पुठ्ठ्या टेबलाखालून बाहेर आला नाही. मग दहा वाजले.

अंगणात पाच जणांची कमिटी खुर्च्यांवर, पालिकेचे डॉक्टर उभे, नर्सबाई जिन्यापाशी, आणि माझा मुलगा भिंतीला टेकून हाताची घडी घालून. मी पुठ्ठ्याला तू सांगितलंस तसं बाजूने उभं केलं, नडगीला लावून. माणसं येत-जात राहिली. कोणी पिशवी घेऊन गेलं, कोणी सायकल ढकलत नेली. डॉक्टर त्याच्या शेजारून दोनदा गेले. मी फक्त त्याचे कान बघत होते. बारा मिनिटं झाली. त्याने अंडं तीनदा खाल्लं.

तेराव्या मिनिटाला हेडमास्तर उठले आणि गेटकडे गेले. मला साखळी ऐकू आली नाही, पण हात हललेला दिसला आणि त्याच क्षणी नडगीत थरथर सुरू झाली. त्याचे मागचे पाय वाकले. खाली फरशीवर ओल पसरली. ओठ वर गेले. माझ्या पायात त्याची गुरगुर गुडघ्यापर्यंत चढली, आणि खुर्च्यांवरची दोन माणसं उठून मागे सरली. माझा हात पट्ट्यावर आवळायला निघाला होता. मी तो उघडा ठेवला. किती वेळ गेला माहीत नाही. मग त्याने मान वळवून माझ्याकडे वर पाहिलं. मी तुकडा खाली धरला. त्याने तो घेतला, पाडला, आणि परत उचलून खाल्ला.

पंधरा मिनिटं झाली. हेडमास्तरांनी वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं असावं, कारण नर्सबाईचा चेहरा उतरला. गुरगुरला, सबब शांत राहिला नाही. तिने मला बोटांनी खूण करून सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, आणि हे मला कळलं कारण ते समोर तोंड करून बोलतात, की पहिल्यांदा चावला तेव्हा तो आधी गुरगुरला होता का.

नाही म्हटलं असतं तर काय, हो म्हटलं असतं तर काय, हे मी पटकन ताडून पाहिलं. हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मुलगा समोर होता. मी हो म्हटलं. मी सांगितलं की तो मिनिटभर गुरगुरला, बाईंनी मला तसं सांगितलं, आणि मला दोन्ही ऐकू आलं नाही, कारण मी जवळजवळ बहिरी आहे. त्याने इशारा दिला होता, मी माणूस ओढून त्याच्या अंगावर घातलं. चूक त्याची लिहू नका, माझी लिहा. आवाज किती मोठा लागला असेल मला माहीत नाही. वरच्या खिडक्यांत माणसं आली.

मग डॉक्टर बोलले, बराच वेळ. नर्सबाईने ते नंतर मला कागदावर लिहून दिलं. घाबरूनही आधी सांगणारा आणि मालकिणीकडे बघणारा कुत्रा ठेवता येतो, असं त्यांचं मत पडलं. हात वर झाले, तीन विरुद्ध दोन. सहा महिने राहू द्यायचा, अंगणात तोंडाला जाळी घालून, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. हेडमास्तर विरुद्ध होते. साखळी पूर्वीसारखीच वाजणार, असं त्यांनी माझ्यासमोर उभं राहून, ओठ नीट हलवून, तीनदा सांगितलं. मी म्हटलं वाजू द्या, आम्ही अजून शिकतो आहोत.

नंतर मी कामाच्या खोलीत येऊन बसले. पुठ्ठ्या टेबलाखाली जाऊन मेल्यासारखा झोपला. मुलगा आत आला आणि माझ्या स्टुलावर बसला. कधीपासून, असं त्याने विचारलं. सात वर्षं, असं मी सांगितलं. मी वाट बघत होते की आता तो दुकान आवरायचं काढेल, आणि उत्तरं तयार ठेवून बसले होते. तो मान खाली घालून काहीतरी बोलला. मी रोजच्यासारखी मान डोलावणार होते. मग म्हटलं, बाळा, मला ऐकू आलं नाही, इकडे बघून परत बोल.

त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते. तो म्हणाला की फोन केला की मी बरं बरं म्हणून ठेवून देते, म्हणून सात वर्षं त्याला वाटत होतं की आई आपल्यावर रागावली आहे.

ढब्बू, मी तुला एवढंच लिहू शकते. तो अजून इथेच आहे. पत्र त्याच्याच हाती टपालात टाकायला देते.

खुबा बरा झाला की ये. लोभ मनात ठेवू नकोस, मोठ्याने सांगत जा.

तुझी,
ताई